टेकता टेकता विमान पुन्हा वर का जातं?

पावसाळ्यात आखाती देशांतून मुंबईला येणाऱ्या अनेकांनी हे अनुभवलं असेल. धावपट्टी आलीच असं वाटत असताना इंजिनांचा आवाज एकदम वाढतो आणि विमान नाक वर करून पुन्हा ढगात शिरतं. कुणी कलमा पढू लागतं, कुणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरतं. उतरल्यावर घरी फोन जातो, "आज वाचलो!" प्रत्यक्षात वैमानिकाने त्या वेळी शिकवलेलंच काम केलेलं असतं. त्याला मिस्ड अ‍ॅप्रोच म्हणतात.

ढगात बाहेरचं दिसत नाही, तेव्हा फक्त उपकरणं बघून विमान खाली आणावं लागतं. आयएलएसच्या नेहमीच्या पद्धतीत जमिनीपासून सुमारे २०० फुटांवर निर्णयाची उंची येते. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर लगेच वर. "अजून जरा खाली जाऊन बघू" असं चालत नाही. छोटं प्रशिक्षण विमानही तेव्हा मिनिटाला साधारण ५०० फूट खाली येत असतं, म्हणजे हातात उरतात पंचवीसेक सेकंद.

म्हणून सराव. बाहेरचं दिसू नये म्हणून विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर हुड लावतात. बाहेर ऊन असलं तरी २०० फुटांवर इन्स्ट्रक्टर म्हणतो, "धावपट्टी दिसत नाही." मग पूर्ण पॉवर, नाक वर, विमान चढतंय याची खात्री, फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत. पुढे चार्टवर दिलेला मार्ग धरायचा. घाईत लवकर वळलं तर समोर डोंगर किंवा टॉवर असू शकतो. रेडिओवर बोलायचं ते सगळ्यात शेवटी. नवखे नेमकं उलटं करतात, आधी एटीसीला सांगत बसतात.

शरीरही फसवतं. वेग वाढला की अंधारात नाक फारच वर गेल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप ते खाली दाबतो. २३ ऑगस्ट २००० रोजी कैरोहून आलेलं गल्फ एअरचं विमान बहरीनमध्ये रात्री पुन्हा वर जाताना समुद्रात कोसळलं, १४३ जण गेले. चौकशीत या भ्रमाचाही उल्लेख आहे. उपकरणावर विश्वास ठेवायची सवय पुस्तक वाचून लागत नाही.

पण सर्वांत अवघड असतं ते मनाला वळवणं. धावपट्टी समोर दिसत असेल तर जास्तच. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरला हवेपेक्षा जास्त उंचीवरून उतरत होतं. सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं, तरी उतरणं चालूच राहिलं. १५८ जण मृत्युमुखी पडले. आपल्यासारख्याच कामगारांची, कुटुंबांची ती फ्लाइट होती. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, अस्थिर अवस्थेत खाली येणाऱ्या विमानांपैकी जेमतेम ३ टक्केच वेळा वैमानिक परत वर जातात. बाकीचे उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावतंही. तीच खरी अडचण आहे, कारण निभावलं की पुढच्या वेळी हिंमत वाढते. म्हणूनच इन्स्ट्रक्टर उतरण्याआधीच मिस्ड अ‍ॅप्रोचचा मार्ग मोठ्याने म्हणायला लावतो.

प्रवाशांची एक तक्रार असते, की विमान वर गेलं तरी कॉकपिटमधून घोषणा लवकर येत नाही. ती उशिराच येणार. त्या दोन-तीन मिनिटांत दोघांचेही हात कामात गुंतलेले असतात. पुन्हा प्रयत्न करायला किंवा दुसऱ्या विमानतळावर जायला लागणारं इंधन निघतानाच भरलेलं असतं.