गटाराचे झाकण वाटोळे का?

नोकरीच्या मुलाखतीस गेलेल्या तरुणास ‘भुयारी गटाराचे झाकण वाटोळे का असते?’ असे कोणी विचारले, तर तो गोंधळून जाणे साहजिक आहे. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मुलाखतींमुळे हा प्रश्न जगभर गाजला. अपेक्षित उत्तर सोपे आहे. वर्तुळाची रुंदी कोणत्याही दिशेने मोजली तरी सारखीच भरते; म्हणून भोकाहून किंचित मोठे असलेले वाटोळे झाकण कसेही फिरविले तरी आत पडत नाही. चौरसाचे तसे नाही. ६० सेंटीमीटर बाजूच्या चौरस भोकाचा कर्ण सुमारे ८५ सेंटीमीटर असतो. झाकण उभे करून कर्णाच्या रेषेत धरले की आत गेलेच!

परंतु येथे एक मौज आहे. समान रुंदीची आकृती केवळ वर्तुळच नव्हे. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक कोनबिंदूवर कंपासाचे टोक रोवून उरलेल्या दोन कोनबिंदूंना जोडणारा कंस काढला, तर होणाऱ्या फुगीर त्रिकोणाचीही रुंदी सर्वत्र सारखीच असते. शिवाय आपल्या रस्त्यांवर चौकोनी झाकणे काही थोडी नाहीत. तेव्हा ठराविक उत्तर पाठ केलेला उमेदवार हुशार ठरतो, आणि ही शंका काढणारा बहुधा वादखोर! त्याच्या पोटापाण्याचा निकाल अशा कोड्यावर लागावा हे न्याय्य नव्हे. गूगल कंपनीच्या मनुष्यबळ-विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली स्पष्टच सांगितले की, विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील यांसारख्या प्रश्नांवरून कशाचेच भाकीत करता येत नाही. विचारणाऱ्यास आपण चतुर असल्याचे समाधान तेवढे लाभते. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाचा नव्याने हिशेब मांडला. त्यात, सर्व उमेदवारांना आधी ठरविलेले व कामाशी निगडित असे एकच प्रश्न विचारणारी मुलाखत सर्वांत वरचढ ठरली.

असा प्रश्न कसा असेल? रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक क्षेत्रात लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. तेथील एखाद्या कारखान्यात विचारता येईल: ‘१२ मिलिमीटर व्यासाच्या आणि १२ मीटर लांबीच्या किती सळया एका टनात येतील?’ सळयांचा व्यवहार जाणणारा मनुष्य व्यासाच्या वर्गास १६२ ने भागतो. १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरमागे सुमारे ०.८९ किलोग्रॅम, एक सळई १०.७ किलोग्रॅमची, आणि टनात सुमारे ९४ सळया. हा १६२ चा आकडा ठाऊक नसला तरी अडत नाही. पोलादाचे वजन घनमीटरला ७,८५० किलोग्रॅम असते, एवढ्यावरून तो काढता येतो. पोलाद पाण्याच्या साधारण आठपट जड, इतकेच ज्यास आठवते, त्याचे उत्तरही ९२ च्या आसपास येते. त्याने कागदावर केलेली आकडेमोड पाहून, दोन सळयांची चूक कोठे शिरली हे मुलाखत घेणाऱ्यास लगेच दाखविता येते.