सर्बांचा स्लावा आणि आमचे रोट

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या धुळ्यात कानबाई देवी बसते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, तो दळून रोट करायचे, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. चुलत सासूबाई पीठ चाळतानाही परक्याची सावली पडू देत नाहीत.

सर्बियन घरांतही गव्हाभोवतीच सण फिरतो: स्लावा. प्रत्येक कुळाचा एक संत, बापाकडून मुलाकडे आलेला. भाऊ वेगळे राहिले तरी संत तोच. अनेकांचा संत निकोलस, त्याचा दिवस १९ डिसेंबर. मेणबत्ती पेटते, नक्षीदार पावावर वाइन शिंपडून तो फुलीसारखा कापतात. शिजवलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालतात. आलेला पाहुणा आधी त्याचाच चमचाभर घास घेतो. निकोलसचा दिवस नाताळाआधीच्या उपवासात येतो, म्हणून त्या दिवशी मटण नाही, मासे.

शेजारचे क्रोएट कॅथलिक, बोस्नियाक मुसलमान, सर्ब ऑर्थोडॉक्स. बोली मात्र एकमेकांना सहज कळते. म्हणूनच ‘आपण कोण’ हे सांगायला सर्बांना स्लावा फार जवळचा. कम्युनिस्ट युगोस्लाव्हियात तो पुष्कळ घरांनी दार लावून पाळला. २०१४ साली युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त वारशात केली.

एक फरक मला आवडतो. स्लाव्याला आमंत्रण लागत नाही. येईल तो पाहुणा. आमचे रोट मात्र शेजारणीलाही चालत नाहीत. सुरतेला गेलेले खानदेशी तिथेही कानबाई बसवतात, आणि रोटांचा नियम बहुतेक घरांत तसाच ठेवतात.