ऑफरोडला निघताय? आधी घरी एक मेसेज टाका

आजचा एपिसोड डांबर सोडून मातीत उतरणाऱ्या बाईकवाल्यांसाठी.

मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याहून केळदकडे जाताना मी एका कच्च्या फाट्यावर वळलो. एकटाच. चिखलात मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि माझा पाय खाली अडकला. फोनला रेंज नाही. घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवलंय म्हणून मी निर्धास्त होतो. पण नेट गेलं तेव्हाच माझा ठिपका मागे थांबला होता! पाऊण तासाने गुरं घेऊन एक दादा आले, म्हणून सुटलो. घोटा वाचला तो उंच बुटांमुळे.

तेव्हापासून माझा नियम एकच: निघण्याआधी एका माणसाला नीट मेसेज. कुठला रस्ता, सोबत कोण, परत किती वाजता, आणि 'आठपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागा'. रस्ता बदलला तर रेंज जाण्याआधी कळवायचं. ऑफलाइन मॅप आदल्या रात्रीच डाउनलोड करायचा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर ११२ लागू शकतो. टॉवरच नसेल तर तोही नाही. म्हणून किमान दोन गाड्या हव्यातच.

आता गाडीचं बघू. मातीत टायरमधली हवा चार-पाच पीएसआय कमी केली की पकड वाढते. पण डांबरावर परत येताना ती भरायला छोटा पंप लागतो. सोबत पंक्चर किट, क्लच केबल आणि जास्तीचे लिव्हर ठेवा. गाडी पडली की पहिला लिव्हरच तुटतो.

ओढा लागला तर आधी चालत ओलांडून बघा. पाणी गुडघ्याच्या वर किंवा गढूळ आणि जोरात असेल तर परत फिरा. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी गाडी बाहेर काढा, एअर फिल्टर बघा.

आणि अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालू नका. तिथे वनखात्याचे नियम असतात.

परत फिरण्यात कसली आलीये लाज? रस्ता पुढच्या रविवारीही तिथेच असतो. तुमच्या ग्रुपमधला जो कायम एकटाच निघतो ना, त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या वेळी!