पाव गोळीचा हिशेब

जालन्यातल्या साध्या घरात फ्रिजवर औषधांचा एक डबा असतोच. त्यात आजीच्या गुडघ्यांच्या गोळ्या, वडिलांच्या बीपीच्या आणि मागच्या तापातल्या उरलेल्या दोन-चार. घरातलं कुत्रं रात्री कण्हायला लागलं की हात आधी त्या डब्याकडे जातो आणि कुणीतरी म्हणतं, "पाव गोळी देऊन बघू."

या पाव गोळीचं गणित एकदा मांडून बघा. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक माणसालाही देतात आणि कुत्र्यालाही. कुत्र्याला ते रोज चालवायचं असेल तर मात्रा साधारण किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या डॅशहुंडला दिवसाला 0.8 मिलिग्रॅम. माणसाची गोळी मिळते 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. पंधराची पाव गोळी झाली पावणेचार मिलिग्रॅम. जीव लहान म्हणून कौतुकानं दिलेल्या त्या तुकड्यात साडेचार पटींहून जास्त औषध असतं, आणि ते रोज गेलं तर आठवड्याभरात शी डांबरासारखी काळी होऊ शकते. ते पोटातलं रक्त असतं. म्हणून कुत्र्यांसाठीचं पातळ औषध वजनाच्या खुणा असलेल्या सिरिंजनं मोजून देतात. डॉक्टरांकडे जाताना कुत्र्याचं आजचं वजन हवं, मागच्या वर्षीचं नको. आपण त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

डब्यातल्या बाकीच्या गोळ्या याहून वाईट. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भारी पडतात. कंबरदुखीवर मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या गोळीत एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात, आणि एसेक्लोफेनॅकचं शरीरात डायक्लोफेनॅकच होतं. हेच डायक्लोफेनॅक टोचलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, एसेक्लोफेनॅकवर 2023 मध्ये. गिधाडांना सोसवतं त्या थोड्या औषधांत मेलॉक्सिकॅम आहे. पण गिधाडाला सोसलं म्हणून कुत्र्याला कितीही चालतं, असं नाही.

आता मूळ दुखण्याकडे. आखूड पायांच्या डॅशहुंडला मणक्यातली गादी सरकण्याचा शापच आहे. या जातीतल्या दर चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधीतरी तो भोगावा लागतो. पाय आखूड करणारा जनुकीय बदलच गादीला लवकर म्हातारं करतो. ती कडक होते, फुटते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. सूज उतरली तरी नस दुखावलेली राहते, आणि तिथून वर्षानुवर्षांचं दुखणं सुरू होतं. अशी कुत्री ओट्याची पायरी टाळतात, उचलताना किंचाळतात, मान वाकवायला नको म्हणून वाटीतलं तसंच सोडतात. वाटी विटेवर ठेवून पाहा. तेवढ्यानं कुत्रं खाऊ लागलं, तर अन्नावरची वासना गेलेली नव्हती, मान दुखत होती.

मात्र मज्जासंस्थेचा प्रत्येक आजार दुखत नाही. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डचं मागचं अंग हळूहळू लुळं पडतं, नखं फरशीवर घासतात, पण तो ऱ्हास स्वतः वेदनेचा नसतो. त्याला वेदनाशामकांचा उपयोग नाही. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्याचा पाय झोपेतही ठराविक ठेक्यात उडत राहतो. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण ते उडणं म्हणजे दुखणं नव्हे.

नसेच्या दुखण्यावर बहुधा गॅबापेंटिन देतात. माणसाच्या फिट्सवरचं औषध म्हणून 1993 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पुढे ते नसांच्या वेदनेवर वापरात आलं. कुत्र्याच्या अंगातून ते लवकर निघून जातं, म्हणून दिवसातून दोनदा, बरेचदा तीनदा द्यावं लागतं. इथे आपल्या बाजाराची एक खोच आहे. माणसांसाठीच्या गॅबापेंटिनच्या बऱ्याच गोळ्यांत मेथिलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलीन मिसळलेलं असतं. स्ट्रिपवर नुसतं 'गॅबा' वाचून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. पातळ औषधात झायलिटॉल नावाची साखर तर नाही ना, हेही पाहा. माणसाला ती निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ती एकदम खाली आणते. आम्लपित्ताचं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गॅबापेंटिन अंगाला पुरेसं लागत नाही.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस कुत्रं झिंगल्यासारखं चालतं. घरातले घाबरतात, लकवा वाढला असं त्यांना वाटतं आणि औषध एकदम थांबवलं जातं. हे औषध असं तोडायचं नसतं, डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतात. झिंग आणि लकवा ओळखण्यासाठी एक वही ठेवा. तारीख, वेळ, गोळी, उठला कसा, पायरी चढला का. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्याच्या मालकांसाठी केलेली अकरा प्रश्नांची एक यादी आहे. दुखण्याचे चार प्रश्न, हालचालीचे सहा आणि एकूण आयुष्याचा एक. मूळ यादी सांधेदुखीसाठी केलेली, पण वहीला तिचं वळण चालेल. माझ्या मते ही दहा रुपयांची वही कुठल्याही महाग टॉनिकपेक्षा कामाची. फक्त लघवी तुंबली किंवा मागचे पाय अचानक गेले, तर वहीत लिहीत बसू नका. तिथे तास मोजायचे असतात. कुत्र्याला फळीवर आडवं करून डॉक्टरांकडे न्या. जालन्याहून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय परतूर, सेलू, मानवत रोड ओलांडल्यावर येतं.

ट्रामाडॉलबद्दलही विचारणा होते. भारतात 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सांधेदुखीच्या कुत्र्यांना त्याचा उपयोग नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही. माणसाच्या यकृतात त्याचा जो जोरकस अंश तयार होतो, तो कुत्र्यात फारच थोडा होतो.

आणखी एक चूक गावात हटकून होते. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी मेलॉक्सिकॅम लिहिलं. दोन्ही एकत्र आली की आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते, मध्ये काही दिवसांचं अंतर लागतं. आधीचा कागद सोबत न्या. कागद नसेल तर इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो चालेल.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. पारा चाळिशीच्या वर, नळाला कित्येक दिवसांनी पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड रक्तप्रवाह टिकवायला ज्या द्रव्यांवर भिस्त ठेवतं, तीच द्रव्यं मेलॉक्सिकॅम थांबवतं. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची वाटी दोन ठिकाणी हवी. उलटी-जुलाब झाले, खाणं सुटलं, तर त्या दिवशी मेलॉक्सिकॅम द्यायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. महिनोन्महिने चालू असेल तर रक्तात क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणीही अधूनमधून हवी.

गोळी भाकरीच्या तुकड्यात किंवा उकडलेल्या अंड्यात लपवा, चिवड्यात नको. दिवाळीच्या चिवड्यातले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. लक्ष्मीपूजनाला मेडिकल लवकर बंद होतं, तेव्हा दोन आठवड्यांच्या गोळ्या वसुबारसेलाच आणून ठेवा. फटाक्यांच्या भीतीवर गॅबापेंटिन दीड-दोन तास आधी देतात. आधीच चालू असलेल्या कुत्र्याला त्या रात्री किती, हे मात्र डॉक्टरांना आठ दिवस आधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे बाहेर माळ लागल्यावर घरात कुणी पुन्हा फ्रिजवरच्या डब्याला हात घालणार नाही.