दोन दिवसांची मुंबई आणि पाण्याची वेळ

दिवाळीच्या सुटीत दोन-तीन दिवस मोकळे हाती आले की घरोघर एकच विचार सुरू होतो : कोठे जावे? आपणां गोमंतकीयांस समुद्र काही नवा नाही. तेव्हा मुंबईस जाऊन पुन्हा समुद्रच काय पाहावयाचा, असे कोणी म्हणेल. आम्हीही एके काळी तसेच म्हणत असू. परंतु मुंबईचे पाणी आणि आपले पाणी यांत फरक आहे, आणि तो फरक न जाणता विद्यार्थ्यांस घेऊन गेल्यामुळे आमच्यावर कोणता प्रसंग ओढवला, ते सांगावे म्हणूनच हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी नक्की करावी. दोन दिवसांत मुंबई पाहून होत नाही. पाहून होते ते तिचे दक्षिण टोक, समोरच्या खाडीतील एक बेट आणि पलीकडच्या किनाऱ्यावरील एक जलदुर्ग. एवढ्यावर संतोष मानणाऱ्याची सहल सुखाची होते. राणीची बाग, जुहू आणि खरेदी हे सारे त्यातच बसवू पाहणारा दोन्ही दिवस गाडीत बसून काढतो.

मुंबई हे शहर मुळातच बेटांचे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात बेटे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या निमित्ताने १६६१ च्या तहान्वये मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. इतिहासाच्या तासाला हे सांगितले की मुले हसतात. बेटे जोडण्याचे काम पुढे कितीतरी वर्षे चालले. कुलाब्याचा बांधरस्ता १८३८ मध्ये झाला आणि माहीमचा १८४५ मध्ये. तोपर्यंत कुलाब्यास जाणारास एक तर होडी करावी लागे, नाही तर ओहोटीची वाट पाहत बसावे लागे. आज त्याच रस्त्याने बसगाड्या धावतात, आणि पायाखाली कधी काळी समुद्र होता हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता प्रवासाचा क्रम. रात्रीच्या कोकण रेल्वेने निघावे म्हणजे पहाटे मुंबईत उतरता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहावी, आणि तेथून किल्ला विभागातून पायीच अपोलो बंदराकडे निघावे. हे अंतर मुले हसतखेळत चालतात. अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया ही कमान १९११ साली झालेल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून उभारण्यात आली. ती पुरी झाली १९२४ मध्ये. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. स्वागतासाठी बांधलेल्या दारातूनच निरोप देण्यात आला!

घारापुरीच्या लाँची येथूनच सुटतात. पाण्यावरचा प्रवास सुमारे एक तासाचा. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी ध्यानात ठेवावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील एका लाँचेस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. तेव्हा लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे बंद नीट आवळल्यावाचून लाँच हलू देऊ नये. मोठ्या माणसांना ते घालताना संकोच वाटतो. मुलांपुढे तो संकोच दाखवू नये.

घारापुरीचा धक्का पाण्यात फार लांबवर गेलेला आहे. किनारा उथळ आणि चिखलाचा असल्यामुळे बोट काठापर्यंत येऊ शकत नाही. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढल्या की मुख्य लेणे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे हे कोरीव काम. त्यातील जवळजवळ वीस फूट उंचीची महेशमूर्ती प्रथम पाहू नये, असे आमचे मत आहे. आधी गंगाधर, अर्धनारीश्वर, नटराज आणि कल्याणसुंदर ही शिल्पे सावकाश पाहावी, डोळे अंधारास सरावू द्यावे, आणि मग त्या तीन मुखांसमोर उभे राहावे. एक मुख उग्र, एक कोमल आणि मधले सर्वांपासून अलिप्त. येथे मुले आपोआप गप्प होतात. शिक्षकास काही सांगावे लागत नाही. पोर्तुगीजांनी या बेटास एलिफंटा हे नाव दिले ते येथील दगडी हत्तीवरून. तो हत्ती मात्र आता बेटावर नाही. तुकडे जोडून उभी केलेली त्याची मूर्ती भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे.

दुपारी अपोलो बंदरास परतावे, जेवण उरकावे आणि मांडव्याची बोट धरावी. तासाभरात मांडवा, तेथून मोटारीने अलिबाग. पावसाळ्यात अपोलो बंदरावरून मांडव्यास जाणाऱ्या बोटी बंद असतात, म्हणून हा बेत दिवाळीनंतरच करावा. रात्री अलिबागेस मुक्काम करणे अगत्याचे आहे. त्याचे कारण उद्याच्या सकाळी आहे.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. मुंबईतील कुलाबा निराळा आणि हा निराळा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याच्या बांधकामास आरंभ केला, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे बनले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून यावर स्वारी केली. दोघांनाही हात हालवीत परतावे लागले. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. सांधे मोकळे असल्यामुळे लाटेचे पाणी त्यांत शिरते आणि तिचा जोर जिरतो. आत गणपतीचे मंदिर आहे आणि, भर समुद्रात असूनही, गोड्या पाण्याची विहीर आहे.

या किल्ल्यास ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. येथेच आमची चूक झाली.

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या चोवीस मुलांस घेऊन गेलो. रेल्वेच्या वेळा, राहण्याची जागा, जेवणाचा खर्च, सारे वहीत टिपलेले होते. तिथी तेवढी पाहिली नव्हती. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाणी घोट्याएवढे. मुले आनंदाने चालत गेली. विहिरीचे पाणी प्याली, तटावर बसली. बाराच्या पुढे एका घोडागाडीवाल्याने हाक घातली, “सर, पाणी फिरलंय, निघा आता!” आम्ही तटावरून पाहिले. पाणी फारसे वाढलेले दिसेना. आपल्याकडची सुकती आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. तासाभरात असे काय होणार, या विचाराने आम्ही आणखी तासभर तेथेच राहिलो. दीड वाजता उतरलो तेव्हा वाट दिसतच नव्हती. एकमेकांचे हात धरून साखळी केली. मध्यावर पाणी मोठ्या मुलांच्या कमरेस लागले. सर्वांत लहानखुरा मुलगा होता त्यास खांद्यावर घेतले, तेव्हा तो आमचे कपाळ घट्ट धरून आमच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. काठावर आल्यावर आम्ही तीनदा मुले मोजली. त्या संध्याकाळी आम्हांस अन्न गेले नाही.

घडले ते असे. भरती येते ती एकसारख्या वेगाने येत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाण्याच्या एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात त्यांतील एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे पहिल्या तासाभरात पाणी जागचे हललेच नाही असे वाटते, आणि तिसऱ्या तासात ते अंगावर येते. नेमका तोच तास आम्ही तटावर बसून घालविला. दुसरी गोष्ट अशी की, मुरगाव बंदरात उधाणाच्या दिवशीही भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम दोन मीटरांच्या घरात असते. मुंबईच्या किनाऱ्यास ते चार मीटरांच्याही वर जाते. मांडवी-जुवारीच्या काठी शिकलेली अटकळ तेथे अपुरी पडते.

ही वेळ काढण्याची कोकणच्या दर्यावर्दी लोकांची रीत फार सोपी आहे, आणि ती पाचवीच्या मुलासही जमावी. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. जे उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्या सहा तास आधी व सहा तासांनंतर पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीन वाजता भरती, नऊ वाजता ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. याचे कारण असे की, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि त्याच्यामागोमाग पाणीही तितकेच उशिरा चढते. दर्यावर्दी मंडळी सोयीसाठी पन्नासांऐवजी पंचेचाळीस मिनिटे धरतात. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाची चूक पडते. म्हणून छापील कोष्टकाशी वेळ ताडून पाहावी आणि किनाऱ्यावरील माणसास विचारल्यावाचून पाण्यात पाऊल घालू नये. आमची ती तिथी षष्ठी होती. सहा गुणिले पाऊण, साडेचार. ओहोटी साडेदहाची. आम्ही निघालो तेव्हाच पाणी फिरून तास झाला होता.

एवढ्यानेही भागत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही, तसेच फार उतरतही नाही, म्हणून ओहोटीलाही वाट ओलीच राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. मानशीची दारे आणि तेथील मासळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. परंतु ऐन अमावास्येस ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास येते, आणि तेव्हा मुलांस उठवून नेणे कठीण. तेव्हा उत्तम दिवस म्हणजे तृतीया आणि चतुर्थी. ओहोटी सव्वाआठ ते नऊ, आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. भाऊबीज द्वितीयेस येते. म्हणून ती करून त्याच रात्री निघावे. तृतीयेस घारापुरी होते आणि चतुर्थीच्या सकाळी किल्ला. मधला वार सोमवार येत असेल तर मात्र बेत कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेवर न्यावा.

किल्ल्यास निघावे ते पाणी उतरत असताना, ओहोटीच्या तासभर आधी. आणि पाणी फिरले की विहीर, मंदिर, तट, काहीही पाहावयाचे राहिले असले तरी परतावे.

परतल्यावर अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जावे आणि तिची हकिकत मुलांस सांगावी. पूर्वी हे वेध मुंबईच्या कुलाब्यास घेत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांमुळे सूक्ष्म चुंबकीय मापने बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागेस आणण्यात आले. मुंबईच्या ट्रामगाड्या १९६४ साली बंद झाल्या. वेधशाळा मात्र अद्याप चालू आहे.

मुरुड-जंजिरा या बेतात घालू नये. तो अलिबागेपासून पन्नास किलोमीटरांच्या घरात आहे, आणि त्यास दुसरी सुटी हवी. चतुर्थीस दुपारच्या बोटीने मुंबईस परतून रात्रीची गाडी धरावी. गेल्या वर्षी आम्ही याच क्रमाने तीस मुलांस घेऊन गेलो. किल्ल्याच्या दारात पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते, आणि वाळूवर आमच्या पावलांचे ठसे कोरडे होते. सातवीच्या एका मुलीने पाटीवर गुणाकार करून परतण्याची वेळ आधीच लिहून ठेवली होती. ती वेळ होताच तिने आम्हांस हाक मारली.