कर्करोगावरील औषध : प्रश्न केवळ मात्रेचा नव्हे, आकाराचाही

कर्करोगावर औषधच नाही, अशी तक्रार आता पूर्वीसारखी करता येणार नाही. कर्कपेशींचा संहार करणारी द्रव्ये वैद्यकाच्या भात्यात पुष्कळ आहेत. अडचण निराळीच आहे. शिरेतून रक्तात सोडलेले औषध सर्व शरीरभर पसरते आणि त्याला शत्रू-मित्र ओळखता येत नाही. झपाट्याने विभाजन पावणारी पेशी दिसली की तिच्यावर घाव घालायचा, एवढेच त्याला ठाऊक. परिणामी गाठीबरोबर केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांनाही झळ पोचते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या घरी याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नसते.

औषध नेमके रोगस्थानीच पोचावे, ही आकांक्षा जुनी आहे. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच 'जादूच्या गोळी'ची कल्पना मांडली होती. तिला मूर्त रूप देण्याचा एक मार्ग म्हणजे औषध अतिसूक्ष्म कणात भरून पाठविणे. हे कण नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात, मोजले जातात. माट्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी 1986 साली दाखवून दिले की, गाठीतील घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात. त्यांतून असे कण गाठीत उतरू शकतात आणि तेथे साचून राहतात. 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे या विचाराचे पहिले मोठे फळ. त्यात डॉक्सोरुबिसिन हे औषध मेदद्रव्याच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले असते. मूळ औषधापासून हृदयाला असलेला धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला. मात्र तळहात व तळपाय सोलवटण्याची नवी व्याधी मागे लागली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कर्करोगावरील चाचणीत त्याची परिणामकारकता मूळ औषधाइतकीच आढळली. त्रास घटला, पण गुण वाढला नाही.

गोलच का?

इतकी वर्षे या कणांच्या आकारमानाचा आणि पृष्ठभागाचा विचार झाला. आकाराचा, म्हणजे घाटाचा, विचार फारसा झाला नाही. कण गोल असायचे, याचे कारण साधे होते : मेदद्रव्य वा बहुवारिक पाण्यात सोडले की बहुधा गोल कण तयार होतात. जे सहज घडते तेच योग्य, असे गृहीत धरले गेले. निसर्गाने मात्र तसे धरलेले नाही. रक्तातील तांबड्या पेशी चपट्या आहेत, बिंबिका तबकडीसारख्या आहेत आणि अनेक जिवाणू दांडीसारखे आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत ज्युली चॅम्पियन व समीर मित्रगोत्री यांनी 2006 साली या गृहीतकाला धक्का दिला. मित्रगोत्री हे मुंबईच्या 'यूडीसीटी'चे, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, पदवीधर. निरनिराळ्या आकारांचे पॉलिस्टायरीनचे कण त्यांनी भक्षक पेशींपुढे ठेवले. या पेशी रक्तात शिरलेले परके कण गिळून टाकतात; औषधवाही कणांचा मोठा वाटा यकृतात व प्लीहेत वाया जातो तो त्यांच्याचमुळे. लंबवर्तुळाकार चकती टोकाकडून भेटली तर पेशीने ती सहा मिनिटांच्या आत गिळली. तीच चकती सपाट बाजूने भेटली, तेव्हा बारा तास उलटले तरी ती गिळली गेली नाही. पेशी तिच्यावर नुसती पसरत राहिली. द्रव्य तेच, आकारमान तेच. फरक होता तो केवळ स्पर्शबिंदूपाशी असलेल्या वळणाचा.

पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या गटाने शेवईसारखे लांब, लवचिक कण उंदरांच्या रक्तात सोडले. ते एक आठवड्यापर्यंत फिरत राहिले. तशाच गोल कणांच्या जवळजवळ दसपट काळ. पुरात वाहणारा दोर जसा प्रवाहाच्या दिशेने ताणला जातो, तसे हे तंतू रक्ताच्या ओघाबरोबर लांब होतात आणि भक्षक पेशीच्या मिठीतून निसटतात. त्यांत पॅक्लिटॅक्सेल भरले असता उंदरांतील गाठी अधिक आक्रसल्या.

एकच उत्तर नाही

यावरून 'लांबट ते उत्तम' असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. टोरांटो विद्यापीठात 2006 साली सोन्याच्या कणांवर झालेल्या प्रयोगात पेशींनी दांडीपेक्षा गोल कणच कितीतरी अधिक घेतले. उलट 2008 साली उत्तर कॅरोलिनात साच्यातून घडविलेल्या कणांवरील प्रयोगात दांडीसारखे कण पेशीत अधिक वेगाने शिरले. ही विसंगती वरवरची आहे. द्रव्य, पृष्ठभाग आणि लांबी बदलली की आकाराचा परिणामही बदलतो. शिवाय कणाचा प्रवास एका टप्प्याचा नाही. रक्तात टिकणे, वाहिनीच्या भिंतीकडे सरकणे, छिद्रातून बाहेर पडणे, घट्ट गाठीत खोल जाणे आणि शेवटी पेशीत शिरणे, असे अनेक टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात उपकारक ठरणारी लांबी पुढे अडसर ठरू शकते.

वास्तव किती कठोर आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येते. दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा टोरांटोच्याच गटाने 2016 साली आढावा घेतला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेला भाग मध्यमानाने अवघा 0.7 टक्के होता. शंभरातले नव्याण्णवाहून अधिक भाग वाटेतच हरवत असतील, तर आकाराचा प्रश्न गौण कसा मानावा? पण त्याचबरोबर, उंदरांवरच्या यशाला रुग्णाचा दिलासा म्हणून मिरविण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरणे अगत्याचे आहे. औषधाच्या मात्रेचे जितक्या काटेकोरपणे मोजमाप होते, तितक्याच काटेकोरपणे कणाच्या आकाराचेही व्हावे. आणि एकाच द्रव्याचे निरनिराळ्या आकारांचे कण शेजारी शेजारी ठेवून तपासले जावेत. दुसरी गोष्ट खर्चाची. प्रयोगशाळेत मूठभर कण घडविणे वेगळे आणि तोच आकार कारखान्यात लक्षावधी मात्रांत जसाच्या तसा राखणे वेगळे. 2012 साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे त्याच धर्तीचे औषध तेथे तात्पुरते आयात करावे लागले. नाजूक कण मोठ्या प्रमाणावर बनविण्याची कुवत येथील उद्योगात आहे, याचा तो पुरावा होय. ही कुवत केवळ जुन्याची नक्कल करण्यात खर्ची पडू नये. नव्या आकारांची औषधे उद्या खरोखरच सिद्ध झाली, तर ती सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आणणे हे तिचे खरे काम ठरेल. औषध गाठीपर्यंत पोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते रुग्णापर्यंत पोचणेही महत्त्वाचे आहे.