मुका भोंगा

"भाऊ, भोंगा मुका हाये. एकचं वाजलंच नाही."

२०२० चा ऑगस्ट. रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं. फोन जालना एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यातून होता आणि बोलत होते रातपाळीचे सुपरवायझर. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणतो, मीही म्हणतो. बाहेर पावसाची झड लागली होती. अशा रात्रीच त्या भोंग्याची खरी गरज.

जालन्याच्या भट्ट्या भंगारावर चालतात. ट्रकच्या ट्रक भंगार येतं, उघड्या यार्डात पडतं, तिथून भट्टीत जातं आणि पुढे त्याच्या सळया होतात. भट्टीतलं पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास असतं. त्यात पाणी धरून बसलेला एखादा डबा किंवा तोंड बंद असलेला पाइप गेला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाणी वाफ होताना सोळाशे पटींहून जास्त फुगतं आणि तेवढी जागा त्याला त्या रसाखाली मिळत नाही. मग भट्टी उसळते. तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला मागे सरायलाही वेळ मिळत नाही. भट्ट्या जोरात चालायच्या रात्री, कारण त्या काळी रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या दरात सवलत असे. म्हणजे पाऊस, अंधार, झोपेची वेळ आणि कामाचा सगळ्यात मोठा रेटा, सगळं एकाच वेळी.

म्हणून दर तासाला चाळीस सेकंदांची सूचना वाजायची. भंगार ओलं आहे का बघा, बंद डबे बाजूला काढा, चष्मा आणि हातमोजे घाला. आधी हिंदीत, कारण भट्टीवरची बरीचशी मुलं बिहार-उत्तर प्रदेशातली, आणि मग मराठीत. मराठी आवाज मामांचा स्वतःचा. टाइम ऑफिसच्या केबिनमध्ये दार लावून त्यांनी तो मोबाइलवर रेकॉर्ड केला होता.

कारखान्यातल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे. मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला, टाइम ऑफिसच्या संगणकाला रिमोट डेस्कटॉपने जोडलो आणि दोन वाजायची वाट बघत बसलो. बरोबर दोनला पडद्यावर गाणी वाजवणाऱ्या विनॅम्प प्रोग्रामची खिडकी पुढे आली आणि माझ्या लॅपटॉपमधून मामांचा आवाज खणखणीत ऐकू आला. मी त्यांना फोन लावला.

"मामा, वाजलं की. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"मी हॉर्नखाली उभा हाये भाऊ. इथं काहीच वाजलं नाही."

दोघंही खरं बोलत होतो. त्या रात्री मला ते कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, अँप्लिफायर बघायला लावतो, आणि लॅपटॉप मिटून झोपलो.

दर तासाला सूचना वाजवणारी स्क्रिप्ट मुळात माझी नव्हती. विंडोज एक्सपीच्या काळात ऑफिसातल्या एका हुशार मुलाने ती ऑटोहॉटकी या आपोआप कळा दाबणाऱ्या भाषेत लिहिली होती आणि पुढे तो नोकरी सोडून गेला. काम साधं होतं. विनॅम्प उघडायचं, सूचनेची फाइल आत टाकायची, खिडकी पुढे आणायची आणि एक्सची कळ दाबायची. विनॅम्प १९९७ साली आलं. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत त्याचा सगळा कारभार: झेड म्हणजे मागचं गाणं, एक्स म्हणजे सुरू, सी म्हणजे थोडं थांब, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचं. सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्यांच्या बोटांना ती ओळ अजून आठवते. माणूस जे बोटाने करतो तेच स्क्रिप्ट करत होती. डोळे मिटून, समोरची खिडकी तीच आहे असं धरून, कळ दाबायची.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ सोडली आणि कारखान्याने विंडोज ७ चा संगणक घेतला. स्क्रिप्ट तिथे नेली आणि ती गप्प झाली. माउसने दोनदा टिचकी मारली की वाजायची, वेळापत्रकावर लावली की नाही. चार दिवस मी त्यात घालवले. कारण सापडलं ते विंडोजच्या पोटात होतं. एक्सपीमध्ये पहिला लॉगइन केलेला माणूस आणि पडद्यामागच्या सेवा एकाच सत्रात राहायच्या, शून्य क्रमांकाच्या. बाहेरून घुसलेल्या प्रोग्रामांना त्या शेजाराचा फायदा मिळायचा, म्हणून २००७ साली व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने मधे भिंत घातली. शून्य सत्र सेवांचं, माणसांची सत्रं एकपासून पुढे. मी वेळापत्रकात 'कोणी लॉगइन असो वा नसो, चालवा' हा पर्याय निवडला होता. त्यामुळे स्क्रिप्ट आणि तिने उघडलेलं विनॅम्प, दोन्ही भिंतीपलीकडे, सेवांच्या बाजूला चालत होती. तिथे खिडकी पुढे आणायला पडदाच नव्हता. मी दुसरा पर्याय निवडला, 'फक्त लॉगइन असतानाच चालवा'. पडदा कधी बंद किंवा लॉक होऊ नये अशी व्यवस्था केली, टाइम ऑफिसला कुलूप लावायची सवय पाडली, आणि विषय संपला असं मानलं. सहा वर्षं तो संपलेलाच होता.

पुढारलेल्या, महागड्या यंत्रांवरही हेच घडत आलंय, हे मला नंतर वाचताना कळलं. ॲपलने १९९३ साली ॲपलस्क्रिप्ट आणली, आणि पुढे लोक तिच्याकडून क्विकटाइम प्लेअरला हुकूम सोडू लागले. २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये तो प्लेअर नव्याने लिहिला गेला आणि जुने कितीतरी हुकूम त्याला समजेनासे झाले. लोकांनी जुना क्विकटाइम ७ जपून ठेवला. २०१९ च्या कॅटालिनाने बत्तीस बिटांचे सगळे प्रोग्राम बंद केले आणि तोही गेला. त्याच वेळी आयट्यून्सच्या जागी म्युझिक नावाचा प्रोग्राम आला. आयट्यून्सला नावाने हाक मारणाऱ्या स्क्रिप्टांना घरात त्या नावाचं कोणी उरलंच नाही.

१४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टची साथ सुटायची पाळी विंडोज ७ वर आली. फेब्रुवारीत आम्ही विंडोज १० वर गेलो. या वेळी मी तयार होतो, स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी चालली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा आत माणसं मोजून घेत होते. मी घरून काम करू लागलो. रात्री साडेदहाच्या सुमाराला जोडून हजेरीची नोंद उतरवून घ्यायची, सगळं ठीक आहे ना बघायचं आणि जोडणी तोडायची.

आता ऑगस्टकडे. अँप्लिफायर तपासला, चांगला निघाला. इलेक्ट्रिशियनने हॉर्नपर्यंतची वायर हाताने चाचपत नेली, कुठे तुटलेली नव्हती. मला विंडोजच्या अपडेटचा संशय होता, की रात्री मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल आणि लॉगइनच्या पडद्यावर अडकत असेल. तसंही नव्हतं. मग विनॅम्पला जास्त अधिकार आणि स्क्रिप्टला कमी, असं तर नाही? व्हिस्टापासून कमी अधिकाराचा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या प्रोग्रामला कळा पाठवू शकत नाही. दोघांचे अधिकार सारखेच होते. स्क्रिप्टच्या नोंदवहीत दर तासाला एकच ओळ: कळ पाठवली. दिवसा सगळं सुरळीत वाजत होतं. शेवटी एका रात्री परवानगी काढून मी स्वतः टाइम ऑफिसात जाऊन बसलो. अकरा, बारा, एक, दोन, सगळं वाजलं. मामा दारात उभे राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत. आपल्याला खोटं ठरवलं जातंय असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा मी त्या रात्री पाहिला, आणि तो अजून आठवतो.

निघताना त्यांनी शर्टाच्या खिशातून एक वही काढून माझ्या हातात दिली. छोटी, तेलकट, कोपरे दुमडलेली. पानावर तारीख, खाली तास, आणि प्रत्येक तासापुढे बरोबरची खूण किंवा फुली. चौदा रात्रींची. पेन्सिलने, एकही तास न चुकवता. भट्टीचा सगळा व्याप सांभाळून त्यांनी हे केलं होतं.

मी ती वही संगणकाच्या पडद्याशेजारी ठेवली आणि विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. मला रीस्टार्ट पुन्हा एकदा शोधायचे होते. पण त्याच खिडकीत सत्रांच्याही नोंदी असतात: २४ क्रमांक म्हणजे सत्राची जोडणी तुटली, २५ म्हणजे पुन्हा जोडली, आणि सोबत कुठून जोडली त्याचा पत्ता. वहीत तीन ऑगस्टला अकरापासून फुल्या. पडद्यावर तीन ऑगस्टला दहा बेचाळीसला २४. चार तारखेला सगळ्या बरोबरच्या खुणा, आणि पडद्यावर त्या रात्रीची नोंदच नाही. पाच तारखेला बारापासून फुल्या, पडद्यावर अकरा एकोणीसला २४. मी बोट वहीवरून पडद्यावर आणि पडद्यावरून वहीवर नेत राहिलो. प्रत्येक फुलीच्या आधी एक २४ होता. फुल्या संपायच्या सकाळी आठला, जेव्हा टाइम ऑफिसचा कारकून येऊन पासवर्ड टाकायचा. त्या क्षणी पडद्यावर २५, आणि पत्त्याच्या जागी 'लोकल'.

चोविसांपुढचा पत्ता माझ्या घरच्या लॅपटॉपचा होता.

मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. चौदा रात्री मी ज्या गोष्टीची काळजी घेतो असं समजत होतो, तिचं तोंड मीच बंद करत होतो. ज्या रात्री थकून लवकर झोपलो, त्या रात्री भट्टीवरच्या मुलांना सूचना मिळाली होती.

पण नुसत्या तर्कावर मामांना सांगायला मन धजेना. दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो. एकला दहा कमी असताना घरी फोन केला. मुलगी अकरावीत होती, जागीच होती. तिला म्हटलं, माझा लॅपटॉप उघड, जोड, आणि फोन चालू ठेव. टाइम ऑफिसचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर लॉक झाला. एक वाजला. हॉर्नमधून एक शब्द नाही. फक्त भट्टीची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊस.

फोनमधून मुलगी म्हणाली, "बाबा, इथं वाजतंय. कुणीतरी ओल्या भंगाराचं सांगतंय."

मी फोन मामांच्या कानाला लावला. भट्टीपासून वीस पावलांवर उभं राहून त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, माझ्या घरातून आलेला.

रिमोट डेस्कटॉप जोडला की तिकडचा पडदाच नव्हे, आवाजही इकडे येतो. मूळ मांडणीच तशी आहे. तिकडे वाजतंय ते मला इकडे ऐकू येतंय, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते फक्त इकडेच वाजत होतं. जोडणी तोडली की आणखी वाईट. सत्र जिवंत राहतं, प्रोग्राम चालू राहतात, पण त्या सत्राला ना पडदा उरतो ना कीबोर्ड. स्क्रिप्ट कळ दाबते आणि ती कळ कुठेच पोचत नाही. मुलीला जोडणी तोडायला सांगितली. दोन वाजले, तेव्हा इथेही शांतता आणि तिथेही. मामांनी वहीत फुली केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

दुरुस्तीला एक दिवस लागला. रिमोटच्या मांडणीत आवाजासाठी 'तिकडच्याच संगणकावर वाजवा' हा पर्याय असतो, तो लावला. बाहेर पडताना नुसती जोडणी तोडायची नाही, तर टीएसकॉन नावाच्या आज्ञेने सत्र परत तिथल्या पडद्याच्या हवाली करायचं, म्हणजे तो उघडा राहतो. आणि कळ दाबणं सोडून दिलं. विनॅम्पच्या खिडकीला थेट निरोप देता येतो, ४००४५ म्हणजे सुरू कर. खिडकी मागे असो, झाकलेली असो, निरोप पोचतो. त्यासाठी खिडकीचं आतलं नाव लागतं, आणि ते पाहून मी थबकलो. प्रोग्राम पाचव्या आवृत्तीपर्यंत आला, रंगरूप कितीदा बदललं, पण आतलं नाव अजून पहिल्या आवृत्तीचंच, 'विनॅम्प व्ही१.एक्स'. दुसऱ्यांच्या प्रोग्रामांनी ज्या नावाने हाक मारायची ते नाव त्याच्या कर्त्यांनी जसंच्या तसं राखलं होतं. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

केबिनमधल्या स्पीकरसमोर एक साधा मायक्रोफोनही चिकटवला. निरोप गेल्यावर स्क्रिप्ट पाच सेकंद ऐकते आणि आवाज वाढला असेल तरच 'वाजलं' असं लिहिते. 'कळ पाठवली' ही ओळ मी कायमची काढून टाकली. भट्टीवरच्या हॉर्नची वायर तुटली तर मात्र ते मायक्रोफोनला कळणार नाही. त्यासाठी मामांची वही आहे, आणि मी त्यांना एक नवी वही नेऊन दिली.

त्या रात्री बाराला पाच कमी असताना घरून जोडलो. बाराला पडद्यावर खिडकी हलली, नोंदवहीत ओळ उमटली: वाजलं. माझा लॅपटॉप गप्प. घरात पंख्याचा आवाज तेवढा. मी मामांना फोन लावला. ते काहीच बोलले नाहीत, फोन त्यांनी वर, हॉर्नच्या दिशेने धरला. भट्टीची घरघर आली, मग हिंदीतली शेवटची दोन वाक्यं, मग त्यांचाच आवाज, पत्र्याखाली घुमणारा. चाळीस सेकंद संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

"बाराची खूण केली," ते म्हणाले. "झोपा आता. एकचं मी बघतो."